उच्चारकाका

प्रत्येक सोसायटीत एक उच्चारकाका असतात. बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बारा महिने हातात छत्री, आणि समोरच्याच्या तोंडून इंग्रजी शब्द कधी निसटतो यावर नजर. तुम्ही "हॉटेलात जाऊ" म्हणालात की संपलं. "होटेल! जोर 'टेल'वर. आपण उगाच 'हॉ'ला बडवतो." जेवणाचा बेत तिथेच बारगळतो.

त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टपाशी सापडलेलं कॉलेजचं पोर.

"फोटोग्राफ म्हण. जोर 'फो'वर. आता फोटोग्राफर? 'टॉ'वर! फ-टॉ-ग्र-फर. आणि फोटोग्राफिक? 'ग्रा'वर!" दर जोराला छत्रीचं टोक फरशीवर ठाण्‌कन आपटतं. लिफ्ट येते, पण दारात काकांचा पाय असतो.

वैताग असा, की काका बरोबर असतात. शब्दाला 'इक' किंवा 'शन'ची शेपटी लागली, की जोर बहुधा तिच्या लगतच्या आधीच्या अवयवावर सरकतो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत जोर हलवून अर्थ बदलत नाही. म्हणून आपण सगळे अवयव पंगतीतल्यासारखे सारखेच वाढतो.

शब्द फोडण्यातही त्यांचा हात कोणी धरणार नाही. नातवाचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर हातात आलं, की खेळ बाजूला. "हेली अधिक कॉप्टर? साफ चूक! 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. ग्रीक आहे ते." टेरोडॅक्टिलच्या इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला मुका 'पी' असतो, तोही याच पंखाचा. नातू तोवर रडकुंडीला आलेला.

लग्नाच्या मांडवात मात्र ते ठेवणीतलं अस्त्र काढतात: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. इंग्रजी अक्षरं ४५. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराचं हे नाव अमेरिकेतल्या कोडेबाजांच्या एका संघटनेच्या अध्यक्षांनी १९३५च्या सुमारास मुद्दाम लांबलचक घडवलं. डॉक्टर नुसतं 'सिलिकोसिस' म्हणून मोकळे होतात. काकांना ते मिळमिळीत वाटतं.

तुमच्या सोसायटीत असे काका असतील आणि तुम्हाला आठ-बाराची लोकल गाठायची असेल, तर एवढंच विचारा: "काका, 'कॉन्ट्रोव्हर्सी'त जोर कुठे?" खुद्द ब्रिटनमध्येच काही लोक तो पहिल्या अवयवावर देतात, काही दुसऱ्यावर, आणि शब्दकोश दोन्ही उच्चार छापतात. काका डिक्शनरी आणायला घरात वळतील. तेवढ्यात सटका.