पडदा लुकलुकतो, लेखक चमकतो

धाडमध्ये मॉनिटर लुकलुकू लागला की निदान एकच निघतं: व्होल्टेज. पंखा रेंगाळला तरी व्होल्टेज, गिरणी थांबली तरी व्होल्टेज. बुलढाणा जिल्ह्याच्या टोकाला, जालन्याच्या शिवेलगत असलेल्या या गावात विजेवरचा राग इतका एकमुखी, की तिची बाजू घ्यायला छाती लागते. प्रस्तुत लेखकाने ती घेतली. मॉनिटर त्याचाच होता आणि श्रोते दारात उभे होते.

पीकविम्याचा फॉर्म भरून घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांना त्याने ऐकवलं, की हे यंत्र 100 ते 240 व्होल्टपर्यंत काहीही पचवतं. मागे छापलेलंच असतं. दोष रिफ्रेश रेटचा असणार! पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट तर 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते, फक्त आपल्या डोळ्यांना ते कळत नाही.

"मंग आमच्या फॉर्मचं कसं सर?" एकाने विचारलं.

लेखकाला हा प्रश्न विषयांतर वाटला.

मग त्याने टास्क मॅनेजर उघडला. सगळा पडदा फडफडताना ती चौकट स्थिर राहिली तर एखाद्या प्रोग्रामवर संशय घ्यायचा, तीही फडफडली तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर. ती फडफडली. ड्रायव्हर नवा घातला, केबल बदलली. शेवटी केबल उपसूनच काढली, तेव्हा 'सिग्नल नाही' ही मॉनिटरची स्वतःची पाटीसुद्धा लुकलुकली. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. दुखणं मॉनिटरच्या पोटात, आणि पोटातलं लेखकाला ठाऊक नव्हतं. भिंतीवर फ्रेममध्ये लटकलेलं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्रही गप्प राहिलं.

अशा वेळी पूर्वी थापड असायची. जुन्या पेटीएवढ्या टीव्हीला मारायची थापड ही घरोघरची विद्या होती आणि तिची घराणी होती. कुणी वरून मारे, कुणी उजव्या कुशीत. एखादी आजी नुसता हात उगारायची आणि चित्र सरळ व्हायचं, असं तिची नातवंडं आजही शपथेवर सांगतात. थापडेत शास्त्रही होतं. तापून-निवून आतल्या जड भागांच्या सोल्डरिंगला बारीक तडे जात. धक्क्याने ती टोकं पुन्हा टेकत आणि बातम्या सुरू होत. घरातल्या ज्येष्ठतेचा पुरावा म्हणजे शेवटची थापड कुणाची, हा. पाहुण्याने टीव्हीला हात लावणं हा यजमानाचा अपमान समजला जाई. सपाट पडद्यांनी ही परंपरा संपवली. त्यांना थापड मारली तर काच जाते आणि मारणाऱ्याचा मानही.

तालुक्याच्या दुकानात पाच मिनिटांत निकाल लागला: "पॅनल गेलं, नवा घ्या." मॉनिटर उघडण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

गावात मात्र रेडिओच्या काळापासून बसलेले एक मिस्त्री आहेत. "काहून फेकता सर? मले पाहू द्या अगोदर," म्हणत त्यांनी झाकण काढलं आणि डोकं फुगलेला एक कपॅसिटर बोटाने दाखवला. आतलं द्रव वाळत गेलं की तो वीज सारखी करून देईनासा होतो. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि लेखकाची खोली पत्र्याची आहे. नव्या भागाची किंमत काही रुपये. तो बसवताना मिस्त्रींचा हात थरथरत नव्हता. पण सोल्डर लावायची जागा दाखवायला त्यांना लेखकाचे डोळे लागले. हाताखाली पोरगं नाही. "हे शिकून पोट भरते का आता?" ते म्हणाले. लेखकाजवळ त्या वेळी एकही इंग्रजी शब्द नव्हता.

केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. हक्क मिळेल, तो बजावायला मिस्त्री उरायला हवेत.

तेव्हा पडदा लुकलुकला तर आधी केबल काढून मॉनिटरची पाटी पाहा. तीही लुकलुकली तर भंगारवाल्याआधी मिस्त्रीकडे जा. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज बराच वेळ शिल्लक असते.