काखेत डाग, गावाला वळसा
यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब हे कापसाच्या मुलखातले गाव असल्याने शुभ्रतेचा कच्चा माल तेथे शेतातच पिकतो. सदऱ्याच्या काखेतला पिवळेपणा मात्र बहुधा घामरोधकातून, म्हणजे घामाची छिद्रे बुजवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या क्षारांतून येतो, कारण हे क्षार घामातील प्रथिनांशी मिळून धाग्याला चिकटतात. त्यावर क्लोरीनचे ब्लीच ओतल्यास डाग अधिकच पिवळा पडतो. खायच्या सोड्याचा ओला लेप तासभर ठेवून हलक्या हाताने घासणे त्यापेक्षा बरे. नीळ तर डाग काढतच नाही, ती पिवळ्यावर निळसर झाक चढवून केवळ डोळ्यांना फसवते, आणि (योगायोगानेच म्हणायचे) पुढाऱ्यांच्या सदऱ्यांना तीच सर्वाधिक मानवते. हात जोडलेले असेपर्यंत काख दिसत नाही.