गुन्हा मान्य, तारीख नामंजूर

१३ फेब्रुवारी २०२१. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाचा निकाल अमेरिकेच्या सिनेटने दिला. दोषी म्हणणारे ५७, निर्दोष म्हणणारे ४३. शंभर जणांच्या सभागृहात दोन तृतीयांश म्हणजे ६७ मतं हवी होती, तेव्हा ट्रम्प सुटले. निर्दोष म्हणणाऱ्यांत रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल होते. मत देऊन झाल्यावर ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की, संसदभवनावरच्या ६ जानेवारीच्या हल्ल्याला ट्रम्प व्यवहारतः आणि नैतिकदृष्ट्याही जबाबदार आहेत, यात शंका नाही. मग मत उलटं का? तर म्हणे ट्रम्प आता अध्यक्ष नाहीत, आणि माजी माणसावर खटला चालवायचा सिनेटला अधिकार नाही.

बरं, अध्यक्ष असताना का नाही चालवला? प्रतिनिधिगृहाने आरोप १३ जानेवारीलाच मंजूर केले होते. ट्रम्प २० तारखेच्या दुपारपर्यंत खुर्चीत होते. पण सिनेटचं कामकाज स्थगित होतं, आणि १९ तारखेआधी सिनेट बोलावणार नाही असं सांगणारे बहुमताचे नेते होते मिच मॅकॉनेल.

आधी म्हणे फार लवकर, मग म्हणे फार उशीर. बैल गेला नि झोपा केला हे ऐकून होतो. इथे बैल जाईपर्यंत झोप्याचं कुलूप शोधणाराच पुढे ‘बैल गेल्यावर झोपा कशाला’ म्हणून हरकत घेतो!

*

नियम तसा सोपा आहे. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे. त्यालाच महाभियोग म्हणतात. मग सिनेटने खटला ऐकायचा. विद्यमान अध्यक्षावरचा खटला असेल तर सरन्यायाधीशांनी पीठासीन व्हायचं. दोन तृतीयांश मतं पडली तर अध्यक्ष घरी. आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार महाभियोग झाले: १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प. घरी एकही गेला नाही.

आपल्याकडे सरकार पाडायला एक मत पुरतं. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार तसंच गेलं. तिकडे जॉन्सन एका मताने वाचले. ३६ हवी होती, ३५ पडली.

त्या ३५ मध्ये एक मत बेंजामिन वेड यांचं होतं. उपाध्यक्षपद रिकामं होतं, त्यामुळे जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी सभापती म्हणून अध्यक्ष झाले असते हेच वेड. त्यांनी अत्यंत निःपक्षपातीपणे ‘दोषी’ म्हटलं. हल्ली न्यायाधीश जरा ओळखीचा निघाला तरी खटल्यातून बाजूला होतो. वेडसाहेब खुर्चीचं माप घेऊनच न्यायासनावर बसले होते.

तारीखही बघा: १६ मे. चार दिवसांनी शिकागोत रिपब्लिकनांचं अधिवेशन, तिथे ग्रँट यांची उमेदवारी, आणि जॉन्सन यांच्या मुदतीचे उरलेले जेमतेम दहा महिने. म्हणजे ‘आता निवडणूकच आलीय, कशाला?’ हा प्रश्न तेव्हाही दारात उभा होता.

*

खरं तर तो त्याहूनही जुना आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना रूफस किंग यांनी हेच विचारलं होतं: अध्यक्षाला ठरावीक मुदतीने मतदारांपुढे जायचंच आहे, मग मध्ये महाभियोग हवाच कशाला? म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याच चर्चेत शांतपणे इतिहास सांगितला. ही सोय नव्हती तेव्हा नकोशा राज्यकर्त्याचा लोक खून करत. त्यापेक्षा खटला बरा. त्यात निर्दोष सुटायची संधी तरी मिळते.

मग गुन्हा कशाला म्हणायचं यावर घोडं अडलं. जॉर्ज मेसन म्हणाले, ‘गैरकारभार’ असा शब्द घाला. मॅडिसन म्हणाले, शब्द इतका ढगळ ठेवला तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीतला नोकर होईल. तेव्हा देशद्रोह, लाचखोरी ‘किंवा इतर गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन’ असं घटनेत गेलं. ढगळपणा टाळायला घातलेल्या या शब्दांचा अर्थ लावण्यावर वकिलांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या.

अर्थ काय तो १९७० मध्ये एकाच माणसाने न लाजता सांगितला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्यावर महाभियोग आणायला निघालेले प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते जेराल्ड फोर्ड म्हणाले की, इतिहासाच्या त्या-त्या घडीला प्रतिनिधिगृहातलं बहुमत ज्याला महाभियोगाजोगा गुन्हा मानेल, तोच तो गुन्हा. चार वर्षांनी महाभियोगाच्या धसक्याने निक्सन गेले आणि अध्यक्ष झाले ते हेच फोर्ड. आल्यावर महिन्याभरात त्यांनी निक्सन यांना माफी देऊन टाकली. घडी बदलली होती ना!

*

तेव्हा होतकरू खासदारांच्या सोयीसाठी अध्यक्षीय पंचांग देत आहोत. चार वर्षांचं एकदम.

पहिलं वर्ष: अशुभ. नुकताच निवडून आलाय, हा जनादेशाचा अपमान. (अपवाद: रिपब्लिकन प्रतिनिधी मार्जोरी टेलर ग्रीन. बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ ला शपथ घेतली, बाईंनी २१ ला महाभियोगाचा प्रस्ताव दाखल केला.)

दुसरं वर्ष: वर्ज्य. नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुका आहेत. उगाच समोरच्याचे मतदार जागे होतील. १९९८ मध्ये झालेच. क्लिंटन यांना घालवायला निघालेल्या रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहातल्या पाच जागा घालवल्या, आणि त्यापायी सभापती न्यूट गिंग्रिच यांची खुर्चीही गेली.

तिसरं वर्ष: मध्यम. उमेदवारांची पळापळ सुरू होते. मार्च २०१९ मध्ये सभापती नॅन्सी पलोसी म्हणाल्या, ट्रम्प महाभियोगाच्या लायकीचेही नाहीत. सप्टेंबरात युक्रेनच्या अध्यक्षांबरोबरचं ट्रम्प यांचं फोन-प्रकरण बाहेर आलं आणि सहा महिन्यांत ते लायक झाले.

चौथं वर्ष: राहुकाळ, अखंड. जनताच ठरवेल.

शेवटचे पंधरा दिवस: जाऊ द्या ना, चाललाच आहे.

मुदत संपल्यावर: माजी माणसाला काय त्रास देता?

मुहूर्त मिळत नाही अशी तक्रार करू नये. समोरच्या पक्षाच्या पंचांगात बारा महिने शुभ असतात.

*

‘आपला तो बाळ्या’ या घटनाकलमाचा अंमल बघायचा तर दोन माणसं पुरे. लिंडसे ग्रॅहम १९९९ मध्ये सिनेटपुढे क्लिंटनविरोधी खटला मांडणाऱ्या चमूत होते. २०२० मध्ये सिनेटर म्हणून ट्रम्प यांची ढाल झाले. जेरोल्ड नॅडलर १९९८ मध्ये ‘एका पक्षाच्या जोरावर महाभियोग नको’ म्हणून कळकळीने सांगत होते. २०१९ मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच ट्रम्प यांच्यावरची कलमं पुढे पाठवली. तेव्हा त्यांच्या बाजूने प्रतिनिधिगृहात एकाही रिपब्लिकनाचं मत पडलं नाही. दोघांनी आपापली जुनी भाषणं अदलाबदल करून वापरली असती तर कागद तरी वाचला असता.

१९ डिसेंबर १९९८ चा दिवस तर नाटककाराला सुचणार नाही असा. क्लिंटन यांच्या लफड्यातल्या खोट्या साक्षीवर मतदान व्हायचं होतं. नियोजित सभापती बॉब लिव्हिंग्स्टन उभे राहिले, अध्यक्षांनी राजीनामा द्यावा म्हणाले, आणि पाठोपाठ स्वतःच्याच राजीनाम्याची घोषणा केली. त्यांचीही भानगड बाहेर आली होती. त्याच दिवशी महाभियोग मंजूर झाला. त्या आठवड्यात गॅलपच्या चाचणीत क्लिंटन यांची लोकप्रियता किती? ७३ टक्के. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

*

आता आपला माणूस. श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मिशिगनमधून निवडून गेलेले डेमोक्रॅट. २८ एप्रिल २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचे शंभर दिवस भरायच्या आतच, त्यांनी महाभियोगाची सात कलमं दाखल केली. मे महिन्यात मतदानाचा हट्ट धरला. स्वपक्षीय ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या चढल्या: सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं, सिनेटही त्यांचीच, मग आत्ताच हा उद्योग कशाला? ठाणेदारांनी ऐनवेळी पाऊल मागे घेतलं. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव ‘ही श्रीची इच्छा’ आहे. श्रींची इच्छा होतीच, पक्षाची नव्हती.

पुढच्याच महिन्यात इराणवरच्या हल्ल्यावरून डेमोक्रॅट अल ग्रीन यांनी प्रस्ताव आणला. तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी गुंडाळला गेला. निम्म्याहून जास्त डेमोक्रॅटही गुंडाळणाऱ्यांत होते.

हसण्याआधी रॉबर्ट ड्रिनन आठवा. हे जेझुइट पाद्री प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ३१ जुलै १९७३ रोजी निक्सन यांच्याविरुद्ध महाभियोग-ठराव त्यांनी आणला, कंबोडियावरच्या गुप्त बाँबफेकीवरून. त्यांचेही पुढारी वैतागले होते, फार लवकर म्हणून. वर्षभराने न्यायविषयक समितीने तीन कलमं मंजूर केली, त्यातलं पहिलं वॉटरगेटची घरफोडी झाकण्याच्या खटपटीचं. बाँबफेकीचं कलम मात्र २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळलं. परदेशी गावांवर बाँब टाकणं खपलं. शेजारच्या पक्षाच्या कार्यालयात चोर पाठवून ते लपवणं खपलं नाही.

ठाणेदार म्हणजे ड्रिनन नव्हेत हे कबूल. ठाणेदारांवरचा ‘प्रसिद्धीसाठी केलं’ हा आरोपही बाजूला ठेवू. पण ‘लवकर’ हा एकच शब्द दोघांच्या तोंडावर मारला गेला, आणि त्यातल्या एकाचा अध्यक्ष तेरा महिन्यांत हेलिकॉप्टरमध्ये बसून गेला.

*

तो कसा गेला? दोन तृतीयांश मतांनी नाही. सभागृहात कलमांवर मतदान झालंच नाही. चौकशीला मंजुरी द्यायला ४१० विरुद्ध ४ अशी मतं पडली होती, म्हणजे निदान चौकशी व्हावी एवढ्यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप सोपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी सांगितलं. टेप बाहेर आल्या. आणि ७ ऑगस्ट १९७४ रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन रिपब्लिकन व्हाइट हाउसमध्ये गेले आणि आपल्याच अध्यक्षाला म्हणाले, सिनेटमध्ये तुमच्याकडे मूठभर मतं उरली आहेत. दुसऱ्या रात्री निक्सन यांनी राजीनाम्याचं भाषण केलं. ४९ राज्यं जिंकून दोन वर्षंही झाली नव्हती.

महाभियोगाच्या धाकाने अध्यक्ष गेल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि ते घडवलं अध्यक्षाच्याच पक्षातल्या तिघांनी. आज तसे तिघे शोधायला दुर्बीण लागेल. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी ट्रम्पविरोधात मत दिलं. त्यातल्या बहुतेकांची राजकीय कारकीर्द त्या मताबरोबरच आटोपली. हे बघितल्यावर अकरावा कोण उभा राहील?

*

मधल्या काळात वकिलांनी कळस चढवला. २०२१ मध्ये ट्रम्प यांचे वकील सिनेटपुढे म्हणाले, आमचे अशील आता माजी आहेत. गुन्हा वाटत असेल तर कोर्टात जा. जानेवारी २०२४ मध्ये ट्रम्प यांचेच वकील कोर्टात म्हणाले, आधी सिनेटने दोषी ठरवायला हवं. मगच कोर्टात या. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ च्या निकालात हा युक्तिवाद जसाच्या तसा उचलला नाही, पण अध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना खटल्यापासून भरभक्कम संरक्षण दिलं. त्यामुळे कोर्टाचा दरवाजा अर्धा मिटला आणि महाभियोगाचा प्रश्न आणखी टोकदार झाला. पुन्हा पंचांग काढणं आलं.

*

तर, महाभियोग करावा का आणि कधी?

कधी, याचं उत्तर सोपं आहे: पुरावा टेबलावर येईल त्या दिवशी. मतं जमली नाहीत म्हणून गुन्हा कमी होत नाही, आणि मतं आहेत म्हणून नावडता अध्यक्ष गुन्हेगार ठरत नाही. दर पंधरवड्याला प्रस्ताव भिरकावणारे आणि निवडणुकीचं गणित बघून तोंडाला कुलूप लावणारे, दोघे मिळून एकच काम करतात. पुढच्या अध्यक्षाची भीती घालवतात.

करावा का, याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. आरोपाच्या कागदावरचं नाव खोडायचं आणि तिथे आपल्या पक्षाच्या अध्यक्षाचं नाव लिहायचं. तरीही हात वर जात असेल तर महाभियोग आजच करावा, पंचांग फेकून द्यावं. हात खाली येत असेल तर आपल्याला न्याय नको होता, खुर्ची हवी होती, हे कबूल करून निवडणूक लढवावी.