पोचवाले बाबू

1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा वाट्याला सहा तालुके आले आणि मागोमाग दप्तराचे गठ्ठे. त्याच गठ्ठ्यांबरोबर पोचवाले बाबूही आले असावेत. रिसोडला जा, मानोऱ्याला जा, आवक-जावकच्या टेबलामागे ते असतातच. कपाळावर चष्मा, खिशाला दोन पेनं, हाताशी शाईचं पॅड. कोणी काहीही सांगू लागलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "पोच घेतली का?" देवावर त्यांची श्रद्धा आहे, पण नारळ फोडूनही वरून पोच मिळत नाही, ही रुखरुख त्यांना आहे.

कार्यालयीन पद्धतीत कागदांचे सहा गठ्ठे सांगितले आहेत. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. बाबूंनी त्यात स्वतःच्या अनुभवातून सातव्याची भर घातली : "पाह्यतो." या गठ्ठ्यातली फाइल हरवलेली नसते, सापडलेलीही नसते. ती फक्त बाबूंना ठाऊक असते. त्यामुळे साहेब बदलत गेले, तरी बाबूंचा दरारा तसाच राहिला.

अशात ई-ऑफिस आलं. शासनाचा आधी 100 दिवसांचा कार्यक्रम झाला, मग 150 दिवसांचा. या दुसऱ्याच्या यादीत ई-ऑफिस होतंच, वर त्याला गुणही. प्रशिक्षणाला बाबू पहिल्या रांगेत बसले. एनआयसीची ही प्रणाली फाइल कोणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून आहे ते पडद्यावर दाखवते, असं कळलं तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे साहेबालेबी दिसते?"

"सगळ्यांनाच दिसतं."

सातवा गठ्ठा त्या दुपारीच निकालात निघाला. लोक म्हणतात, जुन्या माणसांना संगणक जमत नाही. साफ खोटं. बाबूंना तो दोन आठवड्यांत जमला, आणि तोही नको तितका. हिरवी टिपणी एकदा पाठवली की बदलता येत नाही, पिवळी मात्र कच्ची असते, हे कळल्यावर बाबू पिवळीवरच वस्तीला गेले. वरिष्ठांनी उघडलेली नसेल, तर पाठवलेली फाइल मागे ओढता येते, हेही त्यांनीच आधी हेरलं. आता ते फाइल सोडतात आणि साहेबांच्या दाराकडे पाहत बसतात. साहेब चहाला उठले की फाइल परत घेतात आणि एक स्वल्पविराम वाढवून पुन्हा सोडतात. साहेबांची डिजिटल सही असलेला डोंगल बाबूंच्या ड्रॉवरमध्ये असतो, त्याचा पिन झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. या बाबतीत साहेबांनी कधी पोच मागितलेली नाही.

खरं काम मात्र पुढेच आहे. टिपणी पडद्यावर मंजूर झाली की बाबू ती छापतात, खाली लफ्फेदार सही करतात, शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि त्याच फाइलला जोडतात. परवा नव्या लिपिक मुलीनं विचारलंच :

"काका, हे परत कायले? सिस्टीमवर हाय ना आधीच."

"बेटा, सिस्टीमवर हाय ते सरकारचं. हे हाय ते माह्या पुराव्याचं. उद्या चौकशी लागली तं सिस्टीम येणार हाय का माह्याकून बोलाले?"

यावर त्या मुलीकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नाही.

सर्व्हर बंद पडला की बाबू खुलतात. मग वत्सगुल्म निघतं. वाशिमचं ते जुनं नाव. वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी होती, आणि दुसऱ्या विंध्यशक्तीनं इथूनच दिलेलं दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं सापडलं. वंशावळ संस्कृतात, कामाचा मजकूर प्राकृतात. मसुदा तेव्हाही दोघांनी मिळून केला असणार, असा मला संशय आहे. बाबूंचा मुद्दा निराळा : "सोळाशे वर्सं झाली, अजून उघडते. पासवर्ड इचारते का? याले म्हंतात 'अ' वर्ग, कायम!"

तातडीचं जे काही असतं ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं, हा भाग वेगळा. तिथे बाबू निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात.

मागच्या आठवड्यात ई-ऑफिसवर परिपत्रक आलं : यापुढे कार्यालयात कागदी नस्ती स्वीकारली जाणार नाही, सर्वांनी नोंद घ्यावी. बाबूंनी ते दोनदा वाचलं, तीन प्रती काढल्या, एक सूचनाफलकावर लावली, दुसरी स्थायी आदेश संचिकेत लावली आणि तिसरी घेऊन टेबलोटेबली हिंडले. खाली सगळ्यांची नावं होती, समोर सहीची जागा. साहेबांनीही केली. हिरव्या शाईत, तारखेसह.