उताऱ्याचा हिशेब

इंदापूर तालुक्यातील बागायतदार आपला ऊस माळेगावच्या साखर कारखान्यास घालावा, भवानीनगरास द्यावा की आणखी कोणाच्या पदरात टाकावा, याचा विचार करताना जी चिकित्सक बुद्धी चालवतो, तिच्यापुढे गणिताच्या आचार्यांनीही नतमस्तक व्हावे. कारण सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे, हा २०२५-२६ च्या हंगामाचा सरकारी हिशेब त्याच्या जिभेवर असतो, तोडणी-वाहतुकीची वजावट मुखोद्गत असते, आणि वजनकाट्याविषयीचा त्याचा संशय तर कोणत्याही शास्त्रास भूषणावह ठरावा. परंतु तोच गृहस्थ, चिरंजीवांस गणित व संगणकशास्त्र शिकण्यासाठी परदेशी धाडण्याची वेळ आली म्हणजे, ही सारी बुद्धी गव्हाणीत टाकून बारामतीतील एखाद्या सल्लागाराच्या काचेच्या कचेरीत हात जोडून बसतो.

तेथे प्रथम कॅनडातील वॉटर्लू निकालात निघते. त्या विद्यापीठात १९६७ पासून गणिताची स्वतंत्र विद्याशाखा आहे, संगणकशास्त्र तिच्याच छत्राखाली नांदते, आणि शिक्षणाच्या सत्रांमध्ये पगारी नोकरीची सत्रे गुंफण्याची तेथे रीत आहे, या गोष्टी चिरंजीवांच्या दृष्टीने कितीही मोलाच्या असोत. एका नामांकित जागतिक क्रमवारीत ते पहिल्या शंभरात बसत नाही, आणि बसत नाही म्हणजे बसत नाही. मग जर्मनी, कारण तेथे शिक्षण फुकट असल्याचे पंचक्रोशीत सर्वमान्य आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांवर पदवीसाठी दर सत्रास दोन ते तीन हजार युरो शुल्क बसवले, ही वार्ता नीरेच्या कालव्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. व्हिसासाठी ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि आपलाच पैसा आपणांस मासिक हप्त्यांनी परत मिळतो, हे ऐकून मात्र ऊसबिलाच्या हप्त्यांस सरावलेल्या बागायतदारास थोडा आपलेपणा वाटतो. कर्जास शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा नाखूष, म्हणून गावठाणातील घराचे कागद, मूल्यांकनाचा दाखला आणि भाऊबंदांची संमतीपत्रे असे दप्तर सिद्ध होते. आणि जन्मभर बांधावरून भांडलेले भाऊबंद या निमित्ताने एकत्र चहा घेतात, हा उच्चशिक्षणाचा लाभ कोणत्याही क्रमवारीत मोजला जात नाही.

चेन्नईच्या गणितसंस्थेत १९९८ पासून नेमक्या याच दोन विषयांची पदवी मिळते, असे कोणी चुकून सुचवलेच, तर कचेरीत अवघड शांतता पसरते. भिगवण चौकात चेन्नईचा फ्लेक्स लावून शोभा ती काय येणार?

या सर्व खलबतात चिरंजीव एकदाच बोलले. पहिल्या वर्षी बीजगणित कोण शिकवतं आणि वर्गात पोरं किती असतात, एवढेच त्यांनी विचारले. ऊस घालण्यापूर्वी उतारा विचारणाऱ्या घराण्यास शोभेल असाच तो प्रश्न होता. सल्लागाराने बागायतदाराकडे पाहिले, बागायतदाराने चिरंजीवांकडे.

“तुला काय करायचंय त्याचं? आधी खाली जाऊन पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून आण.”