बारालाचाचं टाइमटेबल

मनाली-लेह रस्ता सीमा रस्ते संघटनेने (बीआरओ) बर्फ हटवल्यावर उघडतो, म्हणजे दरवर्षी वेगळ्या तारखेला. माझी बाइक-सहलीची एक्सेल शीट मात्र मार्चपासूनच ग्रुपवर फिरते. तीत सर्चूच्या चहाची वेळ ११.२० आहे. साडेअकरा लिहिलं तर अंदाज वाटतो. अकरा वीसमध्ये अभ्यास दिसतो. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ हिमाचलात पोहोचेपर्यंत मी पुण्यात बसून सगळी अ‍ॅप्स चाळतो आणि जे ऊन दाखवेल त्याला गुरू मानतो. बायको म्हणते, "आपल्या लग्नाचं एवढं प्लॅनिंग केलं असतंस तर..." पुढचं ती बोलत नाही.

प्रत्यक्षात मनालीच्या पावसात रेनकोट चढवून अटल बोगद्यात शिरावं, तर नऊ किलोमीटरनंतर लाहौलमध्ये लख्ख ऊन. रेनकोट काढून घडी करावा, तर झिंगझिंगबारला बर्फ.

पण खरा अवघड घाट वेगळाच, आणि त्यावर कुणी बोलत नाही: लघुशंका. उंचीवर पाणी भरपूर प्या म्हणतात. विरळ हवा बाधू नये म्हणून डायमॉक्स घ्यावी, तर ती गोळीच लघवी वाढवणारी. थंडीचाही तिला पाठिंबा. अंगावर थर्मल, त्यावर ट्रॅक पँट, त्यावर गार्डवाली रायडिंग पँट, सगळ्यावर रेनकोटची विजार, आणि तिच्या नाडीला मी हौसेने मारलेली निरगाठ. बोटं बधिर. हातमोजे दातांनी ओढायचे. आडोशाला झाड शोधावं, तर त्या मुलखात झाडच नाही. मागून मिलिटरीचा ताफा. मोहीम फत्ते होईपर्यंत हवामान दोनदा बदललेलं असतं.

मग बारालाचा खिंडीतल्या फोटोखाली मी लिहितो, 'बारालाचा सर!' त्याच फोटोच्या कडेला, बर्फाच्या भिंतीशी, फावडं धरलेला एक माणूस अर्धा कापला गेलाय. झारखंडच्या दुमक्याहून आलेला मजूर. पायात गमबूट, डोक्याला मफलर. माझ्या एका हातमोज्यात त्याचा अख्खा पेहराव आला असता. मी त्याला विचारलं होतं, "आज मौसम कैसा रहेगा?" तो म्हणाला, "जैसा भी रहे साहब, हमको तो यहीं रहना है." असली माणसं हा रस्ता दरवर्षी बर्फातून उकरून काढतात, आणि 'सर' करतो आम्ही.

तरीही बारालाचा बंद झाला की केलाँगच्या हॉटेलात "टॅक्स भरतो आपण!" असं सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडतो. तीन हजार मीटरवर ते वाक्य एका दमात पुरं होत नाही, एवढे हिमालयाचे उपकार.