मुक्या पेटीची यात्रा

प्रवासाचे प्रयोजन जितके किरकोळ, तितका तो प्रवास अधिक सुखावह होतो, असे आमचे चिरकालीन मत आहे. मोक्षाच्या अपेक्षेने काशीस निघालेल्या गृहस्थाचे स्थानकावरील चहाकडे लक्ष नसते, वधूसंशोधनास निघालेल्याचे चित्त खिडकीबाहेरच्या सृष्टिसौंदर्यात रमत नाही, आणि दिवाणी दाव्याच्या तारखेस निघालेल्या पक्षकारास तर गाडी वेळेवर पोहोचली याचेही दुःखच होते. म्हणून आमचे भाचे, जे वाणिज्य शाखेची पदवी पदरात पाडून घेऊन हल्ली लग्नाच्या हळदीत डीजे लावण्याचा व्यवसाय करतात, त्यांनी ‘मामा, लॅमिंग्टन रोडला मिक्सर कंट्रोलर बघायला जायचंय, येता का?’ असे विचारले, तेव्हा त्या वस्तूशी आपला सुतराम संबंध नाही हे ध्यानात घेऊन आम्ही तत्काळ रुकार दिला. आमच्या भगिनीचा हेतू मात्र निराळा होता. ‘त्याला भाव करता येत नाही, तू नुसता शेजारी उभा राहा,’ असे म्हणून तिने आमच्या हाती दशम्यांचा डबा दिला. पिकलेल्या मिशांचा बाजारभावावर इष्ट परिणाम होतो, अशी तिची श्रद्धा आहे.

१ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातच्या सुमारास सुटते, आणि तिच्यातील पासधारक मंडळींचे आसनविषयक अलिखित कायदे इतके दृढमूल आहेत की रेल्वे मंडळाचे लिखित कायदे त्यांच्यापुढे केवळ शिफारशी वाटाव्यात. त्या कायद्यांचा मान राखून आम्ही भोजनयानाचा आश्रय केला. लोणावळे मागे पडले; १८६३ साली खुला झालेला, दर ३७ फुटांस १ फूट अशा उताराचा तो बोरघाट आपल्या बोगद्यांसह आणि दऱ्यांसह खिडकीशी हजर झाला; परंतु आमच्या भाच्यांनी त्या वैभवाकडे पाठ फिरवून, समोरच्या ऑम्लेटास साक्षी ठेवून, आपली गरज सविस्तर निवेदन करण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशी लॅपटॉप होता, हेडफोन होता, आणि चार वाटांनी आवाज बाहेर सोडणारे साऊंड कार्ड होते. त्यांपैकी दोन वाटा मांडवातल्या वऱ्हाडासाठी व दोन वाटा खुद्द भाच्यांच्या कानासाठी राखलेल्या असत, कारण वऱ्हाड एका गाण्यावर नाचत असताना डीजेने गुपचूप दुसरे गाणे ऐकून त्याची लय जुळवून ठेवावयाची असते. उणीव एवढीच की हा सारा कारभार ते लॅपटॉपच्या माऊसने करीत, आणि माऊसला एका वेळी एकच गोष्ट धरता येते, तर गाणे बदलताना एकाचा बेस उतरवून त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवावा लागतो.

‘आणि ही नवी पेटी आवाज मोठा करते?’ आम्ही पृच्छा केली.

‘तिच्यातून आवाज जातच नाही, मामा. गाणं लॅपटॉपमध्ये, आवाज साऊंड कार्डातून. पेटी फक्त सांगते.’

‘काय सांगते?’

‘कुठलं बटण आणि किती फिरवलं.’

या एका वाक्याने आमच्या अंतःकरणात लख्ख प्रकाश पडला. आमची उभी हयात जिल्हा कचेरीच्या बारनिशीत गेली. तिथे धान्याचा एक दाणाही आमच्या टेबलावरून कधी गेला नाही, परंतु कोणत्या तालुक्यास किती खंडी जावयाचे ते आमच्या जावक क्रमांकावाचून कधी ठरलेही नाही. भाच्यांच्या पेटीचा व्यवहार तंतोतंत असाच होता. फेडर, म्हणजे आवाज चढविण्या-उतरविण्याची सरकती खुंटी, सरकवला की तीन गोष्टींचा खलिता रवाना होतो: सोळा दप्तरांपैकी दप्तर कोणते, त्यातील कलम कोणते, आणि मात्रा किती; आणि ही मात्रा ० ते १२७ या मर्यादेतच असावी लागते. प्रस्तावना नाही, ‘कार्यवाहीस्तव सविनय सादर’ नाही, खालच्या अंगास सही नाही. पाच टाचण्यांच्या मूळच्या तारेतून सेकंदास ३१,२५० बिट या वेगाने हे खलिते धावत असत. हल्ली ते यूएसबीने जातात, परंतु मसुदा तोच राहिला आहे. इतक्या अल्पाक्षरी पत्रव्यवहाराने आमच्या कचेरीतील निम्मे कर्मचारी घरी बसले असते, हा विचार आम्ही भाच्यांपासून गुप्त ठेवला.

या पत्रव्यवहारास मिडी म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी एक तह आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीचे विद्युत्-वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी अवाक्षर बोलत नसे. तेव्हा अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँडचे इकुतारो काकेहाशी या प्रतिस्पर्धी सरदारांनी वाटाघाटी आरंभिल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि काकेहाशी यांचे ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एका तारेने जोडण्यात आली, आणि एकावर बोट ठेवताच दुसरे वाजू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संहिता प्रसिद्ध झाली, आणि २०१३ साली उभयतांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १७८२ सालच्या सालबाईच्या तहाने मराठे व इंग्रज यांच्यात सुमारे वीस वर्षे शांतता नांदली, याचे इतिहासकारांना कौतुक वाटते. हा वाद्यांचा तह तर चाळिशी उलटूनही अबाधित आहे. त्याचे कारण आमच्या मते असे की, त्यात कोणाचा मुलूख कोणास द्यावयाचा हे कलमच नव्हते.

दादरला उतरून मध्य रेल्वेच्या हद्दीतून पश्चिम रेल्वेच्या हद्दीत जाणाऱ्या पुलावर चढलो. पुलाच्या मध्यावर दशम्यांचा डबा आमच्या पुढे गेला आणि भाचे मागे राहिले. परंतु जनसमूहाची न्यायबुद्धी अशी की पश्चिमेकडील जिन्याच्या पायथ्याशी आम्ही तिघेही जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो. पुढे प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी आणि मुंबई सेंट्रल या स्थानकांचे दर्शन इतरांच्या खांद्यांवरून घेत ग्रँट रोडला पायउतार झालो. १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाच्या स्थानकावरून १९०३ ते १९०७ पर्यंत त्याच गादीवर बसलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाच्या रस्त्यापर्यंत पायी थोडक्यात जाता येते. रस्त्याचे सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग असून ते पाट्यांवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलेही आहे. तथापि ज्यांना तो रस्ता ठाऊक आहे ते पाटी वाचत नाहीत, आणि ज्यांना ठाऊक नाही ते लॅमिंग्टन रोड विचारीत येतात.

या रस्त्यावर तारांची भेंडोळी, सॉकेटांच्या राशी, स्पीकरचे उघडे कोन आणि वितळत्या कथिलाचा उग्र परिमळ यांनी युक्त असे एक स्वतंत्र संस्थान आहे. दर चार पावलांवर एक तरुण पुढे होऊन ‘क्या चाहिए अंकल, सीसीटीव्ही?’ असे विचारतो. अर्ज केल्यावाचून जिथे विचारपूस होते अशी जागा आम्ही शासकीय सेवेत कधी पाहिली नसल्यामुळे प्रत्येक तरुणाशी आम्ही दोन शब्द बोललो. परिणामी इष्ट दुकान गाठेपर्यंत आमच्यापाशी कॅमेऱ्यांच्या दरपत्रकांची एक लहानशी फाईल तयार झाली होती.

दुकान अरुंद होते व शेठ प्रशस्त होते. ‘या काका, बसा. कटिंग सांगतो,’ असे म्हणून त्यांनी एकामागून एक पेट्या काचेवर मांडल्या आणि प्रत्येकीचे दिवे लावून दाखविले. ‘लाईट बघा काका, लाईट!’ शेठांच्या मते डीजेच्या सरंजामाची योग्यता अंधारात ठरते. आमच्या भाच्यांनी मात्र खिशातून एक चिठ्ठी काढली, आणि तीवरील कलमे वाचून त्या कुळाविषयीचा आमचा आदर द्विगुणित झाला. कलम पहिले: प्रत्येक गाण्यास एक फेडर व त्यावर तीन नॉब, म्हणजे खर्ज, मध्य आणि तार यांचे नियमन स्वतंत्र असावे. कलम दुसरे: वेगळ्या वीजजोडणीची अपेक्षा नसावी, कारण मांडवात मोकळा प्लग मिळत नाही, आणि मिळालाच तर तो आचाऱ्याने व्यापलेला असतो. कलम तिसरे: ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या हौद्यात लॅपटॉपच्या शेजारी मावावी. कलम चौथे वाचताना त्यांचा स्वर किंचित गंभीर झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. तेव्हा हवालदार साहेब मांडवाच्या दारात दिसताच न पाहता, न चाचपडता, एका बोटाने सर्वच्या सर्व आवाज खाली उतरवता येईल असा एक मुख्य फेडर काठाला असावा.

आता उमेदवारांची छाननी सुरू झाली. कॉर्गची नॅनोकंट्रोल २ ही वजनाने अर्धा किलोही भरत नाही आणि तिच्यावर आठ फेडर आहेत; परंतु फेडरमागे नॉब एकच, त्यामुळे खर्जासाठी शेजाऱ्याचा नॉब उसना घ्यावा लागणार, आणि अंधारात उसनवारीचे हिशेब राहत नाहीत. ॲलन अँड हीथची झोन के २ कुलीन घराण्यातली. फेडर चारच, परंतु पाने उलटून एकूण १७१ निरनिराळे हुकूम सोडण्याचा तिला अधिकार, शिवाय पोटात स्वतःचे साऊंड कार्ड. ज्याच्यापाशी ते कार्ड नाही त्याने डोळे मिटून तिची निवड करावी. आमच्या भाच्यांपाशी ते होते, आणि एकाच पदावर दोन अधिकारी नेमल्याने काय होते ते आम्ही जन्मभर पाहिले आहे. नोव्हेशनची लॉन्च कंट्रोल एक्सएल पाहून भाचे क्षणभर विरघळले. आठ फेडर, चोवीस नॉब, आणि फेडरची वाट ६० मिलिमीटर लांब. म्हणजे ० पासून १२७ पर्यंतची प्रत्येक पायरी जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे गाणे चढवताना बोटास घाई करावी लागत नाही. परंतु मुख्य फेडरास स्वतंत्र जागा नाही. आठांपैकी एकास ते काम सोपविता आले असते. तथापि हवालदारांच्या साक्षीने आठांतून एक ओळखण्याची भाच्यांची तयारी नव्हती.

शेठांनी मग माळ्यावरून बेहरिंगरची एक वापरलेली सीएमडी एमएम-१ काढली. चार फेडर, आणि खाली, एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा क्रॉसफेडर! ‘काका, क्रॉसफेडर नाय तर डीजे कसला?’ हा शेठांचा सिद्धान्त त्यांनी आम्हांस उद्देशून मांडला, कारण भाव करणारा मनुष्य कोण ते त्यांनी मिशांवरून ताडले होते. भाच्यांनी शांतपणे उत्तर दिले की तबकडी मागेपुढे घासून खरखर काढणाऱ्या कलावंतास क्रॉसफेडर हा प्राणवायूच होय, परंतु हळदीत ती खरखर ऐकून नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी स्पीकर बिघडल्याची तक्रार केली होती. उभे दोन फेडर दोन हातांनी वरखाली करणे त्यांच्या व्यवसायास पुरेसे होते. आत्याबाईंचा दाखला निघाल्यावर शेठ निरुत्तर झाले.

अखेर अकायची मिडीमिक्स पुढे आली: आठ फेडर, प्रत्येकावर तीन नॉब, आणि उजव्या काठाला सर्वांवर देखरेख करणारा नववा. चारही कलमे पुरी झाली. तरी भाच्यांनी लगेच पसंती दर्शविली नाही. त्यांनी लॅपटॉप उघडून मिक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली सुरू केली, आणि प्रत्येक नॉब एकदा हलवून तो कोणत्या कामाचा हे तिला शिकविण्याचा विधी आरंभिला. डीजे मंडळी यास मॅपिंग म्हणतात. आम्ही त्यास कामवाटपाचा आदेश म्हणतो. नंतर प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत नेऊन पडद्यावरील आकडा तपासण्यात आला, कारण तळाशी येऊनही जो फेडर २ किंवा ३ वर अडून राहतो त्याचे गाणे संपल्यावरही मांडवात कुजबुजत राहते. सर्व फेडर शून्यास शून्य आणि १२७ ला १२७ म्हणाले. याच समयी एक चमत्कार आमच्या नजरेस पडला. पेटीवरचा फेडर खाली असून पडद्यावरचा वर होता. भाच्यांनी पेटीवरचा हलविला, तरी पडद्यावरचा ढिम्म हलेना. हा पडद्यावरच्या आकड्यापाशी येऊन पोहोचला, तेव्हा कुठे तो याच्या आज्ञेत आला. यास सॉफ्ट टेकओव्हर म्हणतात असे समजले. यामुळे गाणे दचकून उसळी मारीत नाही. नव्या साहेबाने जुन्या साहेबाच्या टेबलापर्यंत जाऊन, रीतसर पदभार घेऊन, मगच हुकूम सोडावेत, हे तत्त्व जिथे यंत्रांनाही उमगले आहे, तिथे देशाच्या भवितव्याविषयी निराश होण्याचे कारण नाही.

भावाच्या प्रसंगी आम्ही भगिनीच्या आज्ञेप्रमाणे नुसते शेजारी उभे राहिलो. शेठांनी किंमत सांगितली. आम्ही मौन धरले. शेठांनी थोडी उतरविली. आमचे मौन ढळले नाही. तिसऱ्या आकड्यावर शेठ म्हणाले, ‘काका, आता काही तरी बोला!’ तेव्हा आम्ही ‘पक्के बिल पाहिजे,’ एवढेच बोललो, आणि वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा शिक्का पडल्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही.

परतीच्या डेक्कन क्वीनमध्ये कल्याण मागे पडते न पडते तोच भाच्यांनी पेटी मांडीवर घेऊन, तार न जोडताच, फेडर वरखाली करण्याचा रियाझ सुरू केला. शेजारच्या आसनावर मंत्रालयातून परतणारे एक पासधारक गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ हा प्रकार न्याहाळीत राहिले.

‘वाजतं का हे?’ त्यांनी अखेर विचारले.

‘नाही काका. वाजतं लॅपटॉपमध्ये.’

‘आवाज यातून जातो?’

‘साऊंड कार्डातून जातो.’

‘मग हे काय करतं?’

‘कुणाला किती द्यायचं, ते फक्त कळवतं.’

‘आणि हे बंद पडलं तर?’

‘तर गाणं चालूच राहतं, पण मग ते कुणाच्या हातात राहत नाही.’

गृहस्थांच्या मुखावर ओळखीचे स्मित उमटले. ‘म्हणजे आमच्याच खात्यातलं की!’ असे म्हणून त्यांनी मधल्या जागेवरची आपली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि पेटीस ऐसपैस बसण्याची खूण केली.